हवामान नोंद, दैनिक

एखाद्या ठिकाणी दररोज ठराविक वेळी हवेचा दाब, तापमान, आर्द्रता, वाऱ्याची दिशा व वेग, पर्जन्य, दृश्यमानता आणि ढगांचे प्रकार व प्रमाण यांचे निरीक्षण करून ते ठरलेल्या नमुन्यात लिहून ठेवण्याच्या पद्धतीस दैनिक हवामान नोंद म्हणतात. त्याच दिवसाचा सूर्योदय व सूर्यास्त, दिनमान आणि चंद्राची तिथी ही आकाशविषयक माहितीही पुष्कळदा नोंदीच्या शेजारी छापलेली असते. वाचकास दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या वाटतात. वस्तुतः त्या भिन्न आहेत. आकाशस्थ ज्योतींची माहिती गणिताने मिळते व ती कित्येक वर्षे आधी छापून ठेवता येते. हवामानाची माहिती मात्र तो क्षण येऊन गेल्यावरच लिहिता येते. ज्या क्षणाचे वेध घ्यावयाचे राहून गेले, त्याची नोंद पुढे कोणत्याही गणिताने भरून काढता येत नाही. अशी नोंद वेळेवर, सर्वत्र एकाच रीतीने व्हावी आणि ती त्याच दिवशी एकत्र यावी, ही गरज मानवाला उशिराच उमगली. ती उमगण्यास एकोणिसाव्या शतकातील तीन वादळे प्रामुख्याने कारणीभूत झाली व तिन्ही शरद ऋतूतील होती.

शरदातील दिवस : आश्विन व कार्तिक हे शरद ऋतूचे महिने मानले जातात, पाश्चात्त्य गणनेनुसार हा ऋतू २२ किंवा २३ सप्टेंबर या शरद संपाताच्या दिवशी सुरू होतो. संपाताच्या दिवशी दिवस व रात्र समान असतात असे म्हणण्याचा प्रघात असला, तरी ते काटेकोरपणे खरे नाही. सूर्याच्या बिंबाची वरची कड क्षितिजावर दिसली की सूर्योदय मानतात आणि वातावरणातील प्रणमनामुळे ती कड प्रत्यक्षाहून किंचित वर उचललेली दिसते. त्यामुळे त्या दिवशी दिनमान बारा तासांहून काही मिनिटांनी मोठेच असते व खरी समानता भारतातील अक्षांशांवर त्यानंतर काही दिवसांनी येते. ५ ऑक्टोबरला मुंबईत सूर्य सु. ६ वा. ३० मि. नी उगवतो व सायंकाळी सु. ६ वा. २४ मि. नी मावळतो. कलकत्त्यास त्याच दिवशी तो घड्याळाच्या हिशेबाने सुमारे एक तास आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. या एका तासाच्या फरकाने हवामानशास्त्रज्ञांना पुढे बराच काळ घोळात टाकले, ते यथावकाश येईल.

महाराष्ट्रात या दिवसांचे हवामान संक्रमणाचे असते. नैर्ऋत्य मोसमी वारे मागे सरू लागतात, आकाश निवळते, जमीन ओली असून ऊन कडक पडते व ज्याला ऑक्टोबरचा उकाडा म्हणतात तो जाणवू लागतो. मुंबईचे सरासरी कमाल तापमान ऑक्टोबरात ऑगस्टपेक्षा सु. ३° से. ने अधिक असते. सूर्याच्या हस्त व चित्रा नक्षत्रांतील सायंकाळचा गडगडाटी पाऊस शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. रब्बीची पेरणी त्याच्याच ओलीवर होते. याच काळात बंगालच्या उपसागराचे पाणी उबदार असते व तेथे तीव्र चक्री वादळे निर्माण होतात [→ चक्री वादळे]. कोकणात निरभ्र आकाश आणि आंध्र, ओरिसा व बंगालच्या किनाऱ्यांवर प्रलय असे दृश्य एकाच तारखेस दिसू शकते. एका ठिकाणची नोंद त्या दिवसाविषयी किती थोडे सांगते, हे शरदात जितके स्पष्ट होते तितके इतर ऋतूंत क्वचितच होते.

प्राचीन नोंदी व उपकरणे : पाऊस मोजण्याची कल्पना भारतात जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात पर्जन्यमापनासाठी अरत्निभर रुंद तोंडाचे कुंड ठेवावे असे सांगितले असून निरनिराळ्या प्रदेशांतील पर्जन्याची प्रमाणे द्रोण या मापात दिली आहेत. जांगल देशासाठी १६ द्रोण, अवंतीसाठी २३ द्रोण असे आकडे देताना अपरांताच्या म्हणजे कोकणाच्या बाबतीत ग्रंथकाराने आकडा दिलेलाच नाही. तेथील पाऊस त्याने अमित म्हटला आहे. हे मापन करवसुली व पेरणी यांच्या सोयीसाठी होते. वराहमिहिराने (सहावे शतक) बृहत्संहितेत ढगांचा गर्भधारणेपासूनचा काळ, वारा, आकाशाचा रंग, चंद्रसूर्यांभोवतालची खळी यांवरून पर्जन्याचे भाकित कसे करावे याचे विस्तृत विवेचन केले आहे. त्यात आकाशाचे सूक्ष्म अवलोकन दिसते. पण अमुक दिवशी अमुक पाहिले अशी तारीखवार मालिका त्यात नाही. लक्षणे सांगणारे शास्त्र आणि दिवस नोंदणारी वही यांत हा भेद आहे. पंचांगाची परंपरा आपल्याकडे अखंड चालत आली. हवामानाच्या वहीची तशी चालली नाही.

यूरोपात उपकरणांनी हा मार्ग खुला केला. टॉरिचेल्ली यांचा वायुदाबमापक (१६४३), फॅरेनहाइट यांचा पाऱ्याचा तापमापक (१७१४) व सेल्सिअस यांची मापनश्रेणी (१७४२) ही त्यातील मुख्य पावले होत. टस्कनीचे अधिपती दुसरे फेर्दीनांदो यांनी १६५४ मध्ये सारख्या उपकरणांनी निरनिराळ्या गावी निरीक्षणे घेण्याची व्यवस्था सुरू केली होती. त्याहून मोठा व शिस्तबद्ध प्रयत्न जर्मनीतील मानहाइम येथील हवामान संस्थेने १७८० मध्ये केला. तिचे कार्यवाह योहान याकोप हेमर यांनी पडताळून पाहिलेली उपकरणे यूरोप, रशिया व उत्तर अमेरिकेतील केंद्रांना पुरविली आणि सकाळी ७, दुपारी २ व रात्री ९ या निरीक्षणाच्या वेळा ठरवून दिल्या. युद्धांच्या धामधुमीत १७९५ च्या सुमारास हे काम बंद पडले. आकाशाच्या वर्णनास शिस्त लावण्याचे श्रेय लंडनमधील औषधव्यावसायिक ल्यूक हॉवर्ड यांचे. त्यांनी १८०२–०३ मध्ये ढगांना दिलेली लॅटिन नावे थोड्याफार फरकाने अजून वापरात आहेत. त्यापूर्वी दोन निरीक्षक एकाच ढगाला दोन नावे देत व त्यांच्या वह्या एकमेकींशी ताडून पाहता येत नसत.

मानहाइमच्या नोंदींचे पुढे जे झाले ते उद्‌बोधक आहे. हाइन्‍रिख ब्रांडेस या जर्मन शास्त्रज्ञांनी १८२० च्या सुमारास त्या संग्रहातील १७८३ सालची निरीक्षणे घेऊन प्रत्येक दिवसाची निरनिराळ्या गावांची दाबाची मूल्ये शेजारीशेजारी मांडली, तेव्हा कमी दाबाचे क्षेत्र दिवसागणिक पुढे सरकत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. ती आधुनिक हवामान नकाशाची सुरुवात होती. हवा मात्र सदतीस वर्षांपूर्वीची होती. ज्ञान मिळाले; उपयोग करावयाचा दिवस केव्हाच निघून गेला होता. हा अडसर तारायंत्राने दूर केला. मॉर्स यांच्या तारेने १८४४ मध्ये पहिला सार्वजनिक संदेश नेला व वादळापेक्षा जलद जाणारी वस्तू प्रथमच मानवाच्या हाती आली.

तीन वादळे : तार उपलब्ध असूनही ती हवामानाच्या कामी लावण्यास शासने आपणहून पुढे आली नाहीत. क्रिमियाच्या युद्धात १४ नोव्हेंबर १८५४ रोजी काळ्या समुद्रात आलेल्या तुफानाने इंग्लंड व फ्रान्स यांच्या आरमाराची मोठी हानी केली. सैन्याचे हिवाळी कपडे घेऊन आलेले ‘प्रिन्स’ हे ब्रिटिश जहाज बालाक्लाव्हाजवळ बुडाले, तर ‘आंरी कात्र’ ही फ्रेंच युद्धनौका निकामी झाली. वादळ आधी कळू शकले असते काय, असा प्रश्न फ्रेंच सरकारने पॅरिस वेधशाळेचे ल व्हेऱ्ये यांना विचारला. नेपच्यूनचे स्थान १८४६ मध्ये गणिताने सांगणारे हेच ल व्हेऱ्ये. त्यांनी यूरोपभरच्या निरीक्षकांकडून १२ ते १६ नोव्हेंबर या पाच दिवसांच्या नोंदी मागविल्या. अडीचशेहून अधिक उत्तरे आली. ती मांडून पाहता वादळ यूरोप खंड ओलांडून काळ्या समुद्रावर गेले होते असे दिसून आले. म्हणजे ते क्रिमियाला पोहोचण्यापूर्वी कित्येक गावांच्या वह्यांतून त्याची नोंद झाली होती. ल व्हेऱ्ये यांनी १८५५ मध्ये तारेने जोडलेल्या केंद्रांची योजना तिसऱ्या नेपोलियनपुढे मांडली व ती मान्य झाली. ग्रहगणितात निष्णात असलेल्या या शास्त्रज्ञाने हवेचा प्रश्न सोडविताना गणित न मांडता आधी टपाल मागविले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

दुसरे वादळ २५–२६ ऑक्टोबर १८५९ रोजी ब्रिटिश बेटांवर आले. ऑस्ट्रेलियातून सोने व प्रवासी घेऊन लिव्हरपूलला परतणारे ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्समधील अँगल्सी बेटाच्या खडकांवर फुटून सु. ४५० माणसे दगावली. ब्रिटनच्या व्यापार मंडळाचा हवामान विभाग १८५४ पासून रॉबर्ट फिट्झरॉय यांच्याकडे होता. चार्ल्स डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजातून गेले त्याचे ते कप्तान. या दुर्घटनेनंतर त्यांनी किनाऱ्यावरील केंद्रांकडून तारेने निरीक्षणे मागवून फेब्रुवारी १८६१ पासून बंदरांना वादळाचे इशारे देण्यास प्रारंभ केला व त्याच वर्षी १ ऑगस्टपासून लंडनच्या टाइम्स मध्ये हवामानाचा अंदाज छापून येऊ लागला. अंदाज चुकले की वृत्तपत्रे टर उडवीत, शास्त्रज्ञ अशास्त्रीयतेचा आक्षेप घेत. एप्रिल १८६५ मध्ये फिट्झरॉय यांनी आत्महत्या केली आणि पुढील वर्षी अंदाज व इशारे दोन्ही थांबविण्यात आली. कोळी व खलाशी यांना मात्र इशाऱ्यांचे मोल पटले होते. १८६७ मध्ये ते पुन्हा सुरू करावे लागले.

तिसरे वादळ कलकत्त्याचे. बुधवार, ५ ऑक्टोबर १८६४ हा दिवस आश्विनाच्या शुक्ल पक्षातील, दुर्गापूजेच्या तोंडावरचा होता. बंगालमध्ये त्याची आठवण ‘आश्विनातले वादळ’ अशीच राहिली. बंगालच्या उपसागरात आधीचे काही दिवस वाढत आलेले चक्री वादळ त्या सकाळी हुगळीच्या मुखाशी जमिनीवर चढले आणि दुपारी कलकत्त्याजवळून गेले. बंदरातील जहाजे नांगर तुटून एकमेकांवर आदळली, कित्येक काठावर फेकली गेली. तथापि खरा संहार वाऱ्याने केला नाही. वादळाबरोबर समुद्राचा लोंढा नदीत शिरला व त्याने दोन्ही तीरांवरील सखल गावे बुडविली. बुडून व नंतरच्या रोगराईने सु. ६०,००० माणसे मेली असे मानतात. त्यानंतर महिना उलटण्याच्या आत मच्छलीपट्टणम्‌च्या किनाऱ्यावर दुसरे चक्री वादळ येऊन तेथेही हजारो लोक बुडाले.

या आपत्तीत अज्ञान हे कारण सांगता येत नाही. कलकत्त्यास चक्री वादळांचा अभ्यास पंचवीस वर्षे चाललेला होता. सागरी चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष हेन्री पिडिंग्टन हे जहाजांच्या नोंदवह्या जमवून एकेका वादळाचा मार्ग आखीत. वेटोळे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘सायक्लोन’ ही संज्ञा त्यांनीच १८४८ मध्ये रूढ केली. मातला नदीवर नवे बंदर उभारण्याच्या योजनेस त्यांनी १८५३ मध्ये लॉर्ड डलहौसी यांना पत्र लिहून विरोध केला होता. वादळाचा लोंढा तेथे केव्हातरी येणारच, असे त्यांचे म्हणणे होते. पोर्ट कॅनिंग हे बंदर तरीही बांधण्यात आले आणि पिडिंग्टन यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, नोव्हेंबर १८६७ मध्ये, वादळाने ते उद्‌ध्वस्त केले. उणीव होती ती त्या दिवसाची नोंद त्या दिवशी हाती असण्याची. गॅस्ट्रेल व हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफर्ड यांनी १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात ५ ऑक्टोबरच्या वादळाचा समुद्रापासूनचा मार्ग तपशीलवार दिला आहे. तो आखला तो प्रामुख्याने उपसागरातील जहाजांच्या नोंदवह्यांवरून. त्या जहाजांवरील अधिकाऱ्यांनी उतरता दाब, फिरता वारा, काळवंडलेले आकाश हे सारे वेळच्या वेळी लिहिले होते. पण ती वही बंदरात पोहोचेपर्यंत वादळ येऊन गेलेले होते.

भारतातील संघटना : हवामानाची निरीक्षणे भारतात त्यापूर्वीही होत. मद्रास येथे ती अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. मुंबईची कुलाबा वेधशाळा जहाजांना अचूक वेळ पुरविण्यासाठी १८२६ मध्ये स्थापन झाली. तेथे हवामानाच्या नियमित नोंदी १८४१ पासून आर्थर बेडफर्ड ऑर्लीबार या एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापकांच्या देखरेखीखाली होऊ लागल्या. दख्खनविषयीचे महत्त्वाचे काम त्याहून आधीचे आहे. मुंबई इलाख्याच्या सेवेतील कर्नल विल्यम साइक्स यांनी १८२५ ते १८३० या काळात पुण्यासह दख्खनच्या पठारावर वायुदाबमापक घेऊन फिरून निरीक्षणे केली व ती १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. हवेचा दाब येथे दररोज सकाळी व रात्री दहाच्या सुमारास चढतो आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरतो, या भरती-ओहोटीचा नियमितपणा त्यांनी दाखवून दिला. हा चढउतार केवळ सु. ३ मिलिबार असला, तरी उष्ण कटिबंधात त्याचे महत्त्व मोठे आहे. चक्री वादळाची पहिली चाहूल लागते ती दाबातील तेवढ्याच घटीने. ज्याने दाब चार वाजता वाचला व ज्याने दहा वाजता वाचला, त्या दोघांचे आकडे सरळ ताडून पाहिले, तर वादळ नसता दिसेल किंवा असून लपेल.

कलकत्त्याच्या आपत्तीनंतर १८६५ मध्ये तेथील बंदरासाठी इशाऱ्याची व्यवस्था झाली आणि काही प्रांतांनी आपापले हवामान अधिकारी नेमले. प्रत्येक प्रांताची उपकरणे निराळी, त्यांची मांडणी निराळी व वेळाही निराळ्या. पुढे १८६६ व १८७१ मध्ये पावसाने दगा दिला. त्यांपैकी १८६६ चा ओरिसातील दुष्काळ विशेष भीषण होता. अखेर १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन होऊन ब्लॅनफर्ड यांची त्याचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. मूळचे भूवैज्ञानिक असलेल्या ब्लॅनफर्ड यांची दीर्घकालीन अंदाजाच्या संदर्भात हिमालयातील बर्फ व मोसमी पाऊस यांचा संबंध जोडणारे म्हणून कीर्ती आहे. त्यांचे अधिक टिकाऊ कार्य रुक्ष स्वरूपाचे होते : उपकरणे प्रमाणित करणे, ती कशी मांडावीत हे ठरविणे, निरीक्षकांस सूचना छापून देणे, आलेले आकडे तपासणे. सिमल्याहून १८७८ मध्ये दैनिक हवामान वृत्त निघू लागले व देशाच्या एका दिवसाचे हवामान एका कागदावर पाहावयास मिळू लागले. मुंबई बंदरासाठी इशाऱ्यांची व्यवस्था १८८० मध्ये झाली.

कागद तयार झाला म्हणून लगेच जीव वाचले असे नाही. खाते स्थापन झाल्यानंतर वर्षभरातच, ३१ ऑक्टोबर–१ नोव्हेंबर १८७६ च्या रात्री, मेघना नदीच्या मुखावरील बाकरगंज भागात समुद्राचा लोंढा शिरून व त्यामागून आलेल्या पटकीने मिळून सु. दोन लाख लोक मृत्युमुखी पडले. भर समुद्रात निरीक्षक नव्हता आणि नदीमुखातील बेटांपर्यंत इशारा नेण्याचे साधन नव्हते. पहिली उणीव विसाव्या शतकात जहाजांवरील बिनतारी संदेशवहनाने व पुढे हवामान उपग्रहांनी दूर केली. दुसरी दूर होण्यास फार काळ लागला. ओरिसाच्या किनाऱ्यावर २९ ऑक्टोबर १९९९ रोजी आलेल्या महाचक्रीवादळात सु. १०,००० माणसे दगावली. त्याच किनाऱ्यावर १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपाळपूरजवळ ‘फायलिन’ हे अतितीव्र वादळ आले तेव्हा सु. दहा लाख लोकांना आधीच हलविले गेले होते व मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली.

खात्याचे मुख्य कार्यालय कलकत्त्याहून १९०५ मध्ये सिमल्यास, १९२८ मध्ये पुण्यास व १९४४ मध्ये दिल्लीस गेले. पुण्याचे महत्त्व त्यानंतरही टिकले, कारण देशभरच्या निरीक्षणांचा साठा पुण्यातच आहे. तेथे १९७७ मध्ये राष्ट्रीय विदा केंद्र स्थापन झाले.

वेळेचा प्रश्न : आरंभीच्या नोंदी स्थानिक वेळेनुसार होत. मुंबई व कलकत्ता यांच्या स्थानिक वेळांत सु. १ तास २ मिनिटांचा फरक आहे. तेव्हा दोन्हीकडे सकाळी आठला घेतलेली निरीक्षणे एकाच क्षणाची नसत. स्थानिक वेळेला काही अर्थ नव्हता असे नव्हे. दाबाची दैनंदिन भरती-ओहोटी सूर्याच्या गतीशी जुळलेली असल्यामुळे दोन गावांची तुलना करण्यास तीच वेळ सोयीची होती. पण सरकत्या वादळाचे चित्र काढावयाचे तर सर्वांचे डोळे एकाच क्षणी उघडले पाहिजेत. भारतीय प्रमाण वेळ १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली (मुंबईच्या नागरी व्यवहारात ‘मुंबई वेळ’ त्यानंतरही कित्येक वर्षे रेंगाळली). सांप्रत भारतातील मुख्य निरीक्षणे सकाळी ८ वा. ३० मि. व सायंकाळी ५ वा. ३० मि. या वेळांस होतात. त्या आंतरराष्ट्रीय वेळेनुसार अनुक्रमे ३ व १२ वाजताच्या असून त्याच क्षणी जगभरची केंद्रे निरीक्षण करीत असतात.

नोंदीचे वाचन : जुन्या नोंदी वाचणाऱ्यास काही संकेत माहीत असावे लागतात. पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. सकाळी ८ वा. ३० मि. नी पर्जन्यमापकात जमलेले पाणी मोजून ते त्या तारखेस लिहितात. म्हणजे ५ ऑक्टोबरचा पाऊस म्हणून दिलेला आकडा बव्हंशी ४ ऑक्टोबरच्या सायंकाळच्या गडगडाटाचा असू शकतो. मुंबईत सांताक्रूझ येथे पडलेला ९४४ मिमी. पाऊस लोकांच्या स्मरणात २६ जुलै २००५ चा आहे. वेधशाळेच्या संकेतानुसार तो २७ जुलैच्या सकाळी मोजला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्यास केवळ सु. ७३ मिमी. पाऊस पडला, यावरून एका आकड्याने एका शहराचेही वर्णन होत नाही हे ध्यानात येते. चोवीस तासांत २.५ मिमी. वा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो पर्जन्यदिन धरतात. तेव्हा ‘पावसाळी दिवस नाही’ याचा अर्थ अंगण भिजले नाही असा होत नाही.

तापमानाची नोंद तापमापक कोठे टांगला होता यावर अवलंबून असते. टॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्यांनी झडपांची पांढरी पेटी १८६४ मध्ये, म्हणजे कलकत्त्याच्या वादळाच्याच वर्षी, वर्णिली. ऊन व पाऊस यांपासून आडोसा, पण वारा खेळता, ही तिची योजना. भारतात मात्र तापमापक प्रथम गवताने शाकारलेल्या उघड्या मांडवाखाली ठेवीत. स्टीव्हन्सन पेटी सर्वत्र येण्यास विसावे शतक उजाडले. मांडवातील व पेटीतील तापमाने तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून अशा बदलाच्या वेळी काही काळ दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी ठेवणे आवश्यक असते. याचा उत्तम दाखला कुलाब्याच्या भूचुंबकीय निरीक्षणांचा आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे दिसताच वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी ती उपकरणे अलिबागला हलविली व १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे चालू ठेवून जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडून घेतली. ती मालिका त्यामुळेच अखंड मानता येते. एवढी दूरदृष्टी हवामानाच्या सर्व केंद्रांच्या बाबतीत दाखविली गेली असती, तर शतकभराच्या तापमानवाढीचा हिशेब करणाऱ्यांचे पुष्कळ श्रम वाचले असते.

आकाशाची नोंद अजूनही बऱ्याच अंशी डोळ्यांवर विसंबून आहे. निरीक्षक मोकळ्यावर उभा राहून आकाशाचे आठ समान भाग कल्पितो व त्यांपैकी किती भाग ढगांनी व्यापले आहेत ते लिहितो. पूर्वी हे प्रमाण दशांशांत देत. ढगांचे दहा मुख्य प्रकार, त्यांच्या तळाची अंदाजे उंची आणि ते ज्या दिशेने सरकत असतील ती दिशाही लिहिली जाते. स्वयंचलित केंद्रे दाब, तापमान, आर्द्रता, वारा व पाऊस यांची अखंड नोंद करतात. पश्चिमेकडे तंतुमेघ दाटत आहेत, हे लिहावयास मात्र बहुधा माणूसच लागतो. सूर्यप्रकाशाच्या तासांची नोंद करणारे कॅम्बेल-स्टोक्स उपकरण या दृष्टीने साधे व चित्तवेधक आहे. काचेच्या भरीव गोलातून एकवटलेले किरण मागच्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर जळका माग काढतात आणि ढग आला की तो माग तुटतो. संपाताच्या काळासाठी, उन्हाळ्यासाठी व हिवाळ्यासाठी या पट्ट्या निरनिराळ्या आकारांच्या असतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वापरतात त्या पट्ट्या सरळ असतात.

परतीचा मोसमी पाऊस : शरदातील दैनिक नोंदीचा महाराष्ट्रात सर्वाधिक वापर होतो तो मोसमी पावसाची माघार ठरविण्यासाठी. एखाद्या दिवशी आकाश स्वच्छ झाले म्हणून पावसाळा संपला असे म्हणता येत नाही. राजस्थानच्या पश्चिम भागातून माघार जाहीर करण्यासाठी सलग पाच दिवस पाऊस नसणे, सु. दीड किमी. उंचीवर प्रतिचक्रवात प्रस्थापित होणे आणि हवेतील ओलावा लक्षणीय प्रमाणात घटणे या अटी पाहतात. त्यापुढील प्रदेशांसाठी पाऊस व ओलावा यांतील घट लक्षात घेतात. माघारीच्या सर्वसाधारण तारखा दीर्घकाळ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नोंदींवर आधारलेल्या होत्या. हवामान खात्याने २०२० मध्ये १९७१ ते २०१९ या काळातील दैनिक नोंदींवरून त्या नव्याने ठरविल्या. पश्चिम राजस्थानातील माघारीची तारीख १ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबर झाली आणि मुंबईची २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबर. सूर्य हस्त नक्षत्रात सु. २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर या काळात असतो. जुन्या तारखेनुसार हस्ताचा बहुतेक पाऊस मोसमी पाऊस गेल्यानंतरचा गणला जात असे. नव्या तारखेनुसार त्याचा मोठा भाग मोसमातच मोडतो.